स्क्रीनवरचे साठ टक्के व्हॉल्व्हपर्यंत कसे पोहोचतात?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये गेलात, तर संगणकाच्या पडद्यावर वाफेच्या व्हॉल्व्हचे चित्र दिसते आणि त्याच्या शेजारी एक आकडा असतो : ६० टक्के. ऑपरेटर तो आकडा पाहतो आणि व्हॉल्व्ह साठ टक्के उघडला आहे असे धरून पुढचे काम करतो. वास्तविक तो आकडा एवढेच सांगत असतो की, व्हॉल्व्हने साठ टक्के उघडावे असा आदेश निघाला आहे. आदेश निघणे आणि त्याचा अंमल होणे यांच्यामध्ये शंभर-दोनशे मीटर केबल, पाच-सहा टर्मिनल, एक-दोन उपकरणे, हवेची नळी आणि एक दणकट स्प्रिंग एवढा पसारा असतो. या पसाऱ्याच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे कंट्रोल पॅनलमध्ये, जे उपकरण बसलेले असते त्याला ॲनालॉग आउटपुट मॉड्यूल म्हणतात. पॅनलवर काम करणारी मंडळी त्याला नुसते ‘एओ कार्ड’ म्हणतात.

खानदेशातल्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करताना माझ्या एक गोष्ट सतत लक्षात येत गेली. तापमान, दाब, पातळी मोजणाऱ्या साधनांची सगळे जण काळजी घेतात. त्यांचे कॅलिब्रेशन होते, दाखले फायलीत लागतात, आकडा जरा चुकला तरी चौकशी होते. आउटपुटच्या बाजूकडे मात्र व्हॉल्व्ह अडकेपर्यंत कोणी पाहत नाही. म्हणून या कार्डाचे काम मुळापासून आणि शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडावे असे वाटले.

कारखान्यातली यंत्रे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, म्हणजे पीएलसी, बाहेरच्या जगाला दोन प्रकारचे आदेश देऊ शकतो. पावसाळ्यात तापीला पूर आला की हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले याच्या बातम्या आपण वाचतो. ‘अमुक इतके दरवाजे पूर्ण उघडले’ ही एका प्रकारची बातमी असते आणि ‘अमुक इतके दरवाजे एक मीटरने उघडले’ ही दुसऱ्या प्रकारची. पहिल्या प्रकारात दरवाजा एक तर उघडा असतो, नाही तर बंद. मधली स्थिती विचारात घेतलेली नसते. पीएलसीतल्या डिजिटल आउटपुटचा आदेश असाच असतो : मोटार चालू किंवा बंद, दिवा लागलेला किंवा विझलेला. दुसऱ्या प्रकारात ‘किती’ हा प्रश्न येतो, आणि ‘किती’चे उत्तर ज्या वाटेने बाहेर जाते ती वाट म्हणजे ॲनालॉग आउटपुट. वाफ किती सोडायची, पंखा किती वेगाने फिरवायचा, पाणी किती द्यायचे, हे सगळे त्याच वाटेने जाते.

पांझरेकाठी फड पद्धतीच्या सिंचनात पाटकरी पाण्याच्या वाटा राखतो, तेव्हा तोही वेगळे काही करत नाही. कोणत्या चारीला किती पाणी जावे याचा अंदाज त्याच्या डोक्यात असतो आणि त्याचा हात फळी किंवा माती तेवढीच सारतो. पीएलसीकडे डोके असते, पण हात नसतो. त्याच्याकडे फक्त आकडे असतात. आकड्याला केबलीतून वाहणाऱ्या विजेचे रूप देणे, हे या कार्डाचे काम.

आकड्यापासून करंटपर्यंत

पीएलसीचा प्रोसेसर दर फेरीला, म्हणजे सेकंदाच्या लहानशा अंशात, प्रोग्राम पूर्ण वाचतो, हिशेब करतो आणि प्रत्येक आउटपुटसाठी एक पूर्णांक लिहून ठेवतो. सीमेन्सच्या पीएलसीत शून्य टक्क्यासाठी ० आणि शंभर टक्क्यांसाठी २७६४८ हा आकडा वापरतात. प्रथमच पाहणाऱ्याला हा आकडा विचित्र वाटतो, कारण सोळा बिटांच्या चिन्हांकित संख्येची कमाल ३२७६७ असते आणि हा त्याच्या बराच अलीकडे थांबतो. ती मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. शंभर टक्क्यांच्या थोडे पलीकडचे मूल्यही दाखवता यावे आणि ते मर्यादेबाहेरचे आहे हे ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, तत्त्व तेच.

आपल्या साठ टक्क्यांसाठी प्रोसेसर १६५८९ लिहितो. हा आकडा रॅकमागच्या बसवरून, म्हणजे सगळ्या कार्डांना जोडणाऱ्या सामाईक वाटेवरून, कार्डात येतो आणि तिथे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर नावाची चिप त्याच्या प्रमाणात अगदी लहानसे व्होल्टेज तयार करते. पुढचे सर्किट त्या व्होल्टेजच्या प्रमाणात करंट बाहेर ढकलते. कार्ड ४ ते २० मिलिॲम्पिअरवर बेतलेले असेल, तर शून्य टक्क्याला ४ आणि शंभर टक्क्यांना २० मिलिॲम्पिअर जातात. मधल्या सोळा मिलिॲम्पिअरचे साठ टक्के म्हणजे ९.६, त्यात पहिले ४ मिळवले की १३.६. केबलीतून १३.६ मिलिॲम्पिअर निघाले, म्हणजे आदेश निघाला.

कार्ड विकत घेताना ‘किती बिटांचे’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. बारा बिटांचे कार्ड आपला पट्टा ४०९६ पायऱ्यांत विभागते, सोळा बिटांचे ६५५३६ पायऱ्यांत. बारा बिटांची एक पायरीसुद्धा एका टक्क्याच्या चाळिसाव्या भागाएवढी बारीक असते. याउलट, दांड्याभोवतीचे पॅकिंग घट्ट झालेला जुना व्हॉल्व्ह अर्धा-एक टक्का बदल आला तरी जागचा हलत नाही. अशा व्हॉल्व्हसाठी सोळा बिटांच्या कार्डावर जादा पैसे घालण्यापेक्षा पॅकिंग आणि पोझिशनरवर, म्हणजे दांडा आदेशाप्रमाणे नेमक्या जागी आणणाऱ्या उपकरणावर, घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्होल्टेज की करंट : ठिबकच्या नळीवरून समजणारी गोष्ट

कार्डातून आदेश दोन रूपांत बाहेर पडू शकतो. ० ते १० व्होल्ट हे एक रूप आणि ४ ते २० मिलिॲम्पिअर हे दुसरे. दोन्ही रूपे सर्रास वापरात आहेत, पण लांब अंतरासाठी करंटच का निवडतात हे समजायला रावेर-यावलच्या केळीच्या बागेतली ठिबकची नळी उत्तम आहे.

साध्या ड्रिपरची लॅटरल लांबच लांब टाकली, तर पहिल्या झाडाला पुरेसे पाणी मिळते आणि शेवटच्या झाडापाशी थेंब मंदावतो, कारण वाटेत घर्षणाने दाब कमी होत जातो. शेतकरी म्हणूनच लांब ओळीसाठी किंवा चढ-उताराच्या जमिनीसाठी प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर घेतो. त्यातली रबरी पडदी दाबाप्रमाणे छिद्र लहान-मोठे करते आणि दाब थोडा कमी-जास्त झाला तरी तासाला ठरलेलेच लिटर सोडते. व्होल्टेज आउटपुट पहिल्या ड्रिपरसारखे आहे. वाटेत जे काही गमावले जाईल, ते शेवटच्या टोकाला कमी पडते. करंट आउटपुट दुसऱ्यासारखे आहे. केबल वीस मीटर असो की दोनशे मीटर, टर्मिनल थोडे गंजलेले असो की नवेकोरे, कार्ड आपले व्होल्टेज आवश्यक तेवढे वाढवते आणि ठरलेले १३.६ मिलिॲम्पिअरच वाहते ठेवते. लूप बंद वळसा असतो, त्यात शिरलेला करंट मधेच कुठे जिरत नाही. जेवढा एका टोकाने निघाला तेवढाच दुसऱ्या टोकाने परत येतो.

विद्युत गोंगाटाच्या बाबतीतही करंट सरस ठरतो. मोठ्या मोटारी आणि त्यांचा वेग बदलणारे ड्राइव्ह यांच्या शेजारून जाणाऱ्या केबलीत नको असलेले सिग्नल शिरतातच. ४ ते २० मिलिॲम्पिअर घेणाऱ्या उपकरणाचा रोध साधारण २५० ओहमच्या आसपास, म्हणजे कमी असतो. तेवढ्या रोधावर त्या क्षीण गोंगाटाला मोठे व्होल्टेज उभे करता येत नाही. व्होल्टेज घेणाऱ्या उपकरणाचा रोध मात्र हजारो ओहम असतो आणि तिथे तोच गोंगाट सहज उमटतो. म्हणून पॅनलच्या आतल्या आत किंवा शेजारच्या पॅनलपर्यंत व्होल्टेज चालते, पण शेड ओलांडून जायचे असेल तर करंट घ्यावा.

मात्र ड्रिपरची उपमा इथे थांबवून चालणार नाही, कारण तिचा उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपरसुद्धा दाब ठरावीक मर्यादेत असेपर्यंतच काम करतो. मोटारीचा दाबच अपुरा असेल, तर रबरी पडदी काय करणार? करंट आउटपुटचेही तसेच आहे. कार्डाकडे व्होल्टेजचा साठा मर्यादित असतो. कार्डाच्या माहितीपत्रकात ‘कमाल लोड ५०० ओहम’ किंवा ‘६०० ओहम’ असे जे एका ओळीत छापलेले असते, तो हाच साठा. ६०० ओहममधून २० मिलिॲम्पिअर ढकलायला १२ व्होल्ट लागतात. म्हणजे त्या कार्डाने १२ व्होल्टपर्यंतच हमी दिली आहे.

या एका ओळीने मला जो धडा दिला तो सविस्तर सांगतो. सरकीच्या पेंडीतून उरलेले तेल काढणाऱ्या एका सॉल्व्हंट प्लांटमध्ये मी वार्षिक देखभालीचे काम करत होतो. पेंड हेक्झेन नावाच्या द्रावकात भिजवून तेल उतरवतात आणि मग तेल-हेक्झेनचे मिश्रण, ज्याला तिथे मिसेला म्हणतात, वाफेने तापवून हेक्झेन उडवून वेगळे करतात. हेक्झेनची वाफ ठिणगीने पेट घेते, म्हणून अशा विभागात जाणाऱ्या प्रत्येक तारेवर पॅनलमध्ये सेफ्टी बॅरियर बसवतात. तो बाहेर जाणारी विद्युत ऊर्जा इतकी कमी ठेवतो की तार तुटली किंवा शॉर्ट झाली तरी ठिणगीने वाफ पेटू नये. त्या लूपमध्ये बॅरियरचा रोध सुमारे ३०० ओहम आणि व्हॉल्व्हवरच्या आय-टू-पी कन्व्हर्टरचा, म्हणजे करंटचे हवेच्या दाबात रूपांतर करणाऱ्या उपकरणाचा, २५० ओहम होता. बेरीज ५५० झाली. कार्डाची मर्यादा ६०० होती. सगळे व्यवस्थित चालले होते.

व्यवस्थापनाला वाफेच्या व्हॉल्व्हला गेलेल्या आदेशाची नोंद रेकॉर्डरवर हवी होती. रेकॉर्डर १ ते ५ व्होल्ट घेणारा होता, म्हणून मी लूपमध्ये, पॅनलच्या आत, २५० ओहमचा रोध मालिकेत जोडला. ४ मिलिॲम्पिअरला १ व्होल्ट आणि २० ला ५ व्होल्ट, हिशेब अगदी नेमका. पडद्यावरून ५० टक्के आदेश दिला, मीटरवर १२ मिलिॲम्पिअर दिसले, रेकॉर्डरवर ३ व्होल्ट उमटले, आणि काम झाले असे समजून मी सही केली. बेरीज आता ८०० ओहम झाली आहे हा विचार माझ्या मनात आला नाही. ती चूक सर्वस्वी माझी होती.

हंगाम सुरू होऊन माल वाढला तेव्हा फोन आला. ऑपरेटर म्हणाला, “भाऊ, स्क्रीनवर शंभर दिसतंय, पण तापमान चढत नाही, आणि तेलाला हेक्झेनचा वास राहतोय.” वाफेचा दाब पुरेसा होता, व्हॉल्व्ह उघडून पाहिला तर आत काही अडकलेले नव्हते. शेवटी मीटर लूपच्या मालिकेत लावला. आदेश शंभर टक्के, म्हणजे २० मिलिॲम्पिअर हवे होते, आणि मीटर १५ वर स्थिर होता. १२ व्होल्ट भागिले ८०० ओहम, उत्तर बरोबर १५ मिलिॲम्पिअर; टक्क्यांत मांडले तर जेमतेम ६९. आदेश सत्तर असो, ऐंशी असो की शंभर, व्हॉल्व्ह ६९ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नव्हता. रेकॉर्डरच्या रोधाच्या दोन टोकांना मी तारेचा एक तुकडा टेकवला, मीटर झर्रकन २० वर गेला, आणि वॉकीटॉकीवर व्हॉल्व्हपाशी उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आला की हवेचा फुसकारा झाला आणि दांडा वर गेला. माझी ५० टक्क्यांची चाचणी खोटी नव्हती, पण ती जिथे दोष नव्हता तिथेच केलेली होती. १२ मिलिॲम्पिअरला ८०० ओहमसाठी ९.६ व्होल्टच लागतात आणि तेवढे कार्डाकडे होते.

त्या दोषाचा दुसरा परिणाम अधिक फसवा होता. तापमान सांभाळणारा, आदेशाचा हिशेब करणारा पीआयडी कंट्रोलर हवे असलेले आणि प्रत्यक्ष तापमान यांत फरक उरलेला पाहतो आणि आदेश वाढवत राहतो. व्हॉल्व्ह ६९ वर थांबलेला असताना आदेश मात्र शंभरपर्यंत चढून बसतो. मग माल कमी होऊन तापमान जास्त झाले की कंट्रोलर आदेश उतरवू लागतो, पण शंभरवरून ६९ पर्यंत येईतो व्हॉल्व्ह हलतच नाही, आणि तेवढ्या वेळात मिसेला गरजेपेक्षा जास्त तापतो. ऑपरेटरला वाटते की कंट्रोलरचे ट्यूनिंग बिघडले आहे. ट्यूनिंगमध्ये कितीही फेरफार केले तरी हा दोष जात नाही. कार्डात लूपचा दोष कळवण्याची सोय होती, पण सेटिंगमध्ये ती चालूच केलेली नव्हती. पुढे रेकॉर्डरला मी कार्डाचा एक मोकळा चॅनेल, म्हणजे आदेश बाहेर काढणारी एक वाट, स्वतंत्र दिला आणि प्रोग्राममध्ये तोच आकडा दोन्ही चॅनेलना लिहिला.

चारपासून सुरुवात का?

मोजणी शून्यापासून न करता चारपासून करण्याचे कारण जुने आहे. इलेक्ट्रॉनिक कार्डे येण्याआधी आदेश हवेच्या दाबाने जात. तांब्याच्या बारीक नळ्यांतून ३ ते १५ पीएसआय, किंवा आपल्याकडच्या एककात दर चौरस सेंटिमीटरला ०.२ ते १ किलो, एवढ्या दाबाच्या पट्ट्यात सारा कारभार चाले. ३ ला १५ आणि ४ ला २०, दोन्हीकडे पट पाचच आहे. तळाला थोडा दाब कायम राखला की ‘आदेश शून्य आहे’ आणि ‘नळी फुटली आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. करंटमध्येही तेच. ४ मिलिॲम्पिअर म्हणजे व्हॉल्व्ह बंद ठेवण्याचा आदेश. ० मिलिॲम्पिअर म्हणजे तार तुटली, फ्यूज गेला किंवा कार्ड मेले. आय-टू-पी कन्व्हर्टर आजही या करंटचे त्याच जुन्या दाबाच्या पट्ट्यात रूपांतर करतो आणि तो दाब व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या लवचीक पडद्याला (डायफ्रामला) ढकलून स्प्रिंगविरुद्ध दांडा हलवतो.

तार तुटली तर व्हॉल्व्ह कुठे जाईल, हे कार्ड ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. वाफेच्या व्हॉल्व्हला हवेने उघडणारा प्रकार घेतात, म्हणजे हवा गेली की स्प्रिंग तो बंद करते आणि भांडे तापत राहत नाही. थंड पाण्याच्या व्हॉल्व्हला हवेने बंद होणारा प्रकार घेतात, म्हणजे काहीही बिघडले तरी पाणी चालूच राहते. ही निवड व्हॉल्व्ह मागवतानाच करावी लागते, आणि ती करणाऱ्याने कार्डाचा विचारही त्याच वेळी करायला हवा.

कारण तिसरी एक स्थिती उरते. तार शाबूत आहे, हवा आहे, कार्डाला वीजही आहे, पण पीएलसीचा प्रोसेसर बंद पडला, अशा वेळी कार्डाने काय करावे? बहुतेक आधुनिक कार्डांत तीन पर्याय असतात : करंट शून्य करणे, शेवटचा आकडा तसाच धरून ठेवणे, किंवा आधी ठरवून दिलेल्या आकड्यावर जाणे. हा पर्याय दर चॅनेलसाठी वेगळा निवडता येतो, आणि कोणी निवडला नाही तर कंपनीने ठेवलेला पर्याय आपोआप लागू होतो. बॉयलरच्या धूर ओढणाऱ्या पंख्याचा वेग एकदम शून्य झाला, तर भट्टीतली ज्वाळा दारातून बाहेर येऊ शकते. तिथे शेवटचा वेग धरून ठेवणे किंवा ठरावीक वेगावर जाणे शहाणपणाचे. इंधन पुरवणाऱ्या यंत्रणेला मात्र शून्यच हवे. मी आजवर जितकी पॅनल उघडली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी या रकान्याला कोणी हातच लावलेला नव्हता. प्रोसेस समजणारा माणूस आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस यांनी एका टेबलाशी बसून प्रत्येक चॅनेलसमोर हा पर्याय लिहून काढावा. आठ चॅनेलच्या कार्डाला अर्धा तास पुरतो.

ड्राइव्ह, डाळ आणि दहा हर्ट्झ

जळगावच्या डाळमिलमध्ये व्हॉल्व्ह फारसे नसतात, पण एलिव्हेटर, पंखे आणि चाळण्या यांच्या मोटारींवर वेग बदलणारे ड्राइव्ह असतात. सावदा-रावेर भागातल्या केळी पिकवण्याच्या शीतगृहांतही थंड हवा फिरवणाऱ्या पंख्यांचा वेग अशाच आदेशाने कमी-जास्त करता येतो. इथे कार्डाचा आकडा ० ते ५० हर्ट्झमध्ये उतरतो. ड्राइव्ह व्होल्टेज घेणार की करंट, हे त्याच्यावरच्या छोट्या स्विचने आणि सेटिंगमधल्या एका आकड्याने ठरते, आणि घोटाळा होतो तो इथेच.

एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. पडद्यावर शून्य टक्के आदेश असूनही मोटार संथपणे फिरत राहते आणि ड्राइव्हच्या डिस्प्लेवर १० हर्ट्झ दिसतात, तर समजावे की कार्ड ४ ते २० पाठवत आहे आणि ड्राइव्ह मात्र ० ते २० समजून वाचत आहे. कार्डाचे ४ मिलिॲम्पिअर ड्राइव्हला विसाच्या पट्ट्यातले वीस टक्के वाटतात, आणि पन्नासचे वीस टक्के म्हणजे दहा. मोटार, गिअरबॉक्स, प्रोग्राम यांतले काहीही उघडण्याची गरज नसते. एक सेटिंग बदलायचे असते.

ड्राइव्ह स्वतःच गोंगाटाचा मोठा उगम असल्यामुळे त्याच्याकडे जाणारी सिग्नलची केबल मोटारीच्या केबलीबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नये. शील्ड असलेली, पीळ दिलेल्या दोन तारांची केबल वापरावी आणि अशा सिग्नलसाठी शील्ड साधारणपणे पॅनलच्या टोकालाच अर्थ करावे. दोन्ही टोकांना अर्थ केले आणि दोन शेडच्या अर्थिंगमध्ये फरक असला, तर शील्डमधूनच करंट वाहू लागतो. ज्या कार्डांचे चॅनेल एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळे केलेले नसतात, त्यांत एका लूपमधला असा दोष शेजारच्या लूपमध्ये दिसू शकतो, आणि मग शोधणारा माणूस भलत्याच ठिकाणी दिवस घालवतो.

खानदेशापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडमधल्या बंद पॅनलच्या आत त्याहूनही दहा-पंधरा अंश जास्त भरतात. बऱ्याच कार्डांची मर्यादा ५५ ते ६० अंश असते. करंट आउटपुट कार्ड स्वतःही तापते. कारण लूपला लागणारे व्होल्टेज वजा जाता उरलेले सगळे व्होल्टेज, साध्या रचनेच्या कार्डात, त्याच्या आतच उष्णता बनून जिरते. २४ व्होल्टवर आठही चॅनेल २० मिलिॲम्पिअर देत असतील आणि बाहेरचा रोध अगदी कमी असेल, तर जवळजवळ चार वॉट उष्णता तळहाताएवढ्या डब्यात साठते. त्यात डाळीचा भुसा किंवा कापसाची तूस पॅनलच्या पंख्याच्या जाळीवर बसली की हवा खेळणे थांबते. उन्हाळ्यात दुपारी व्हॉल्व्ह विचित्र वागतो आणि रात्री सुरळीत होतो, अशी तक्रार आली तर मी सर्वांत आधी ती जाळी काढून पाहतो.

आदेशाचा अंमल झाला का?

साध्या कार्डाला व्हॉल्व्ह हलला की नाही हे कळण्याचा मार्ग नसतो. फार तर लूप तुटला आहे एवढे त्याला समजते. महत्त्वाच्या व्हॉल्व्हवर म्हणून दांड्याची जागा मोजून ती ४ ते २० मिलिॲम्पिअरने परत पाठवणारे साधन बसवतात आणि पडद्यावर आदेश व जागा असे दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवतात. दोन्हींतला फरक ठरावीक सेकंदांहून जास्त टिकला की अलार्म. हार्ट नावाच्या पद्धतीत यासाठी वेगळी केबलही लागत नाही. आदेशाच्या करंटवरच १२०० आणि २२०० हर्ट्झच्या अगदी बारीक लहरी चढवून पोझिशनर आपली जागा, तापमान, बिघाड यांची माहिती त्याच दोन तारांवरून परत सांगतो. लहरींची सरासरी शून्य असल्याने मूळ आदेशाला धक्का लागत नाही. मात्र त्यासाठी कार्डही हार्ट समजणारे असावे लागते.

ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी एक जुनी पद्धत आहे आणि तिला तासभर पुरतो. प्लांट बंद असताना एक माणूस पडद्यापाशी, एक मीटर घेऊन पॅनलपाशी आणि एक व्हॉल्व्हपाशी उभा करावा. आदेश ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के असा चढवत न्यावा आणि मग तसाच उतरवत आणावा. मीटरवर ४, ८, १२, १६ आणि २० मिलिॲम्पिअर दिसले पाहिजेत. दांड्याशेजारच्या पट्टीवरचा काटा दर पायरीला सारखाच सरकला पाहिजे. आणि उतरताना काटा चढतानाच्या जागेहून फार मागे राहत असेल, तर पॅकिंग घट्ट झाले आहे असे समजावे. शेवटी पॅनलमधली तार सोडून व्हॉल्व्ह स्प्रिंगने कुठे जातो तेही पाहावे. मी हे आकडे एका कागदावर लिहितो, लूपमधल्या सगळ्या उपकरणांच्या रोधांची बेरीज आणि कार्डाची मर्यादा त्याच्याखाली लिहितो, आणि तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून पॅनलच्या दाराला आतून चिकटवतो, म्हणजे पुढे कोणी त्या लूपमध्ये नवे उपकरण जोडायला आला तर स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी ती बेरीज त्याच्या समोर येते.